कसोटीच्या दगडावरची रेघ

उखर्डूबद्दल सांगायचं तर आधी स्वतःबद्दल सांगावं लागतं, कारण त्याच्या घरात जे झालं त्यात माझा हात आहे. हात म्हणजे खरोखरचा, उजवा. मी पितांबर. जळगावात नव्या पेठेच्या मागच्या गल्लीत माझा फोटो स्टुडिओ आहे. तोंडाचा फटकळ आणि नाकावर राग, असं माझी बायकोच चारचौघांत सांगते, तेव्हा ते खरं धरून चाला. हल्ली मात्र राग येत नाही. गिऱ्हाईक उलटसुलट बोललं तरी मी नुसता त्याच्याकडे बघत राहतो. बायको म्हणते, ओरडत जा जरा, घर सुनं वाटतं.

उखर्डू पहूरचा. घरी थोडा कोरडवाहू कापूस, आई शेवंताबाई, मी तिला अक्का म्हणतो, आणि तो. बाप लवकर गेला. त्याच्या आधी शेवंताबाईला दोन मुलं झाली आणि दोन्ही राहिली नाहीत. म्हणून हा जन्मला तेव्हा आमच्याकडच्या रीतीप्रमाणे त्याला उकिरड्यावर ठेवला, मावशीने उचलला, आणि आईने सूपभर कोंडा देऊन तो तिच्याकडून परत विकत घेतला. एवढं करून नाव ठेवलं उखर्डू, म्हणजे कोणाची नजर नको. मी त्याला चिडवायचो, "तुझी किंमत सूपभर कोंडा." तो म्हणायचा, "भाऊ, टिकलो ना पण." हसायचा नाही. तसा तो फारसा हसायचाच नाही.

एकोणनव्वद साली माझं फोटो मोठा करायच्या एन्लार्जरचं घड्याळ बिघडलं. पहूरचा एक रेडिओ दुरुस्त करणारा आहे असं कळलं, म्हणून बोलावला. घड्याळ दुरुस्त झालं आणि हा इथेच राहिला. आमचा निम्मा धंदा गेलेल्या माणसांचा. माणूस गेला की तिसऱ्या दिवशी घरचं कोणीतरी पायरीवर येतं, हातात रेशनकार्डावरून सोडवलेला नाहीतर लग्नाच्या घोळक्यातला फोटो, आणि तेराव्याच्या आत मोठा करून पाहिजे असतो. उखर्डू ते चेहरे ब्रशने दुरुस्त करायचा. कोणाच्या कपाळावरची घडी काढ, कोणाचा फेटा नीट कर. घरचे लोक फोटो बघून रडायचे आणि हा बाजूला ब्रश धूत उभा असायचा.

शेवंताअक्काच्या पेटीत एक फोटो होता. दोन बोटांएवढा. त्यात चार वर्षांची पोरगी, कौसल्या, घरात कौशी म्हणायचे. पहूरच्या बाजारात कोणी फिरता फोटोवाला आला होता, मागे तळ्याचा पडदा लावून त्याने तो काढलेला. त्याच वर्षी पोरगी तापाने गेली. उखर्डूने बहिणीला कधी पाहिलं नाही. त्याच्यासाठी ती म्हणजे तो फोटो, आणि अक्कासाठीही शेवटी तेवढंच उरलेलं.

तो मोठा करून द्यायचं मी एकदा मनावर घेतलं होतं. कॅमेऱ्याने त्याची निगेटिव्ह काढली, एन्लार्ज केला, तर चेहऱ्यापेक्षा भेगाच मोठ्या झाल्या. त्यावर ब्रश मारून मारून मी पोरीची पार कॅलेंडरवरची बाहुली करून टाकली. अक्काने बघितलं आणि म्हणाली, "ही माह्यी नही." एवढ्या मेहनतीवर हे ऐकून माझं डोकं फिरलं. मी तिच्यासमोर ती निगेटिव्ह कात्रीने कापली. ही गोष्ट ब्याण्णवची. पुढे ती लागेल असं तेव्हा कोणाला वाटणार होतं.

सत्त्याण्णवला मी कॉम्प्युटर घेतला, सोबत स्कॅनर. नुसतं ब्रशवर आता भागत नव्हतं, धुळ्यात-भुसावळात सगळ्यांनी घेतले होते. उखर्डू महिनाभरात त्यात माझ्यापुढे गेला. पण मशीन रडतराऊत. मोठा फोटो उघडला की मेमरी पुरायची नाही, आणि एक भेग बुजवायला सांगितली की आम्ही दोघं चहा पिऊन, पानटपरीवर उभं राहून परत यायचो तरी पडद्यावर वाळूचं घड्याळ तसंच.

अठ्ठ्याण्णवच्या दिवाळीत अक्काचे डोळे दाखवायला जळगावला आणले. डॉक्टर म्हणाले, काचबिंदू. गेलेली नजर परत येणार नाही, आहे तेवढी थेंबांनी टिकवायची, रोज दोन वेळा, न चुकता. नजर कडेकडून आटत येते आणि मध्ये एक भोकाएवढी उरते, असं त्यांनी हाताची मूठ डोळ्याला लावून दाखवलं. अक्का घरी गेलीच नाही, सरळ स्टुडिओत आली आणि बाकावर बसली.

"भाऊ, कौशी मोठी करून दे," ती मला म्हणाली. "लहान फोटोत आता मले तिचं तोंड सापडत नही. एकदा पाह्यलं की मंग डोये जावोत."

 उखर्डूने पेटीतला फोटो आणायला सांगितला आणि दुसऱ्या दिवशी स्कॅन केला, इतका बारीक की केसाएवढी भेगही बोटाएवढी दिसावी. झालं, मशीन त्या फाइलखाली दोनदा आडवं पडलं. तेव्हा तो म्हणाला, "भाऊ, मशीन पळवावं लागेल."

पळवणं म्हणजे काय, ते त्याने मला कागदावर काढून दाखवलं. प्रोसेसर तीनशे मेगाहर्ट्झचा. पण बोर्डवर एक बारकी किल्ली असते, ती एका खुणेवरून दुसरीवर सरकवली की तोच प्रोसेसर साडेचारशेने पळतो, फुकटात. कंपनीने लिहिलंय त्यापेक्षा जास्त काम घ्यायचं त्याच्याकडून. मुंबईपुण्याची पोरं तेव्हा सर्रास करायची. फक्त मेमरीची पट्टी त्याच्याबरोबर पळणारी पाहिजे. ती धापा टाकायला लागली की सगळं बंद पडतं, नाहीतर त्याहून वाईट, बंद न पडता चुकतं. आमची जुनी पट्टी पळणारी नव्हती. नवी, चांगल्या नावाची पट्टी माझ्या ऐपतीबाहेर होती. मी म्हणालो, एक घेऊ, स्वस्तातली घेऊ, पण तू निवडायची.

धुळ्याला लोटन नावाचा एक जण मुंबईहून सुटे भाग आणून घरूनच विकायचा. आम्ही सकाळच्या एसटीने गेलो. त्याने पलंगाखालून पत्र्याची पेटी ओढली आणि सतरंजीवर पट्ट्या मांडल्या. एक चकचकीत, वर कंपनीचं रंगीत लेबल. मला तीच आवडली. उखर्डूने खिशातून एक बाटली काढली, नखांचा रंग काढायचं पाणी, माझ्याच बायकोकडून मागून आणलेलं. कापसाने त्याने चिपवरचा आकडा पुसला. आकडा कापसावर आला आणि खाली दुसरा, हळू चालणाऱ्या मालाचा आकडा निघाला.

"मुंबईथून असंच येस भाऊ," लोटन अजिबात न लाजता त्याच्या अहिराणीत म्हणाला. "बठ्ठा माल असाच शे. मी काय करू?"

उखर्डूने तासभर पट्ट्या चाळल्या. लेबलाकडे तो बघतच नव्हता. आठही चिप एकाच लॉटच्या आहेत का, छाप खरा आहे का, सोल्डरिंग स्वच्छ आहे का, एवढंच बघायचा. शेवटी त्याने तळातली एक उचलली. लेबल नाही, नाव नाही, कोपऱ्यावर पेनाने काहीतरी गिरगटलेलं. वरचा आकडाही हलकाच. तो म्हणाला, हा छाप खोटा नाही, आणि या लॉटचा माल छापल्यापेक्षा जास्त पळतो असं त्याने कुठल्याशा मासिकात वाचलं होतं. मी म्हणालो, "शेवटी उकिरड्यावरचंच उचललंस ना." तो "हो" म्हणाला आणि पट्टी रुमालात बांधली.

परतीच्या एसटीत माझ्या डोक्यात किडा वळवळायला लागला.  पारोळ्याला मी विचारलं, ही खालच्या काठाची पिवळी दातरी कसली? तो म्हणाला, पिना. सोन्याचा मुलामा असतो, म्हणजे गंज लागत नाही. बस. जळगावच्या माणसाला सोनं म्हणायचा अवकाश. लोटनसारख्या माणसाने आकडा खोटा छापला, तर सोनं काय खरं लावणार? आमच्याकडे सून घरात यायच्या आधी तिचे दागिने सराफ बाजारात जाऊन येतात. मी उखर्डूला म्हणालो, आजची रात्र पट्टी माझ्याकडे राहू दे.

सकाळी मी ती घेऊन चुडामण सोनाराकडे गेलो. आमचे तीन पिढ्यांचे सोनार. त्याने चष्मा लावला, पट्टी उलटीसुलटी केली, हसला, आणि म्हणाला, याला कसोटीवर घासायचं म्हणजे मुलामा जाईल. मी म्हणालो, कोपऱ्यात घास. तो तयार होईना. मग मीच दगड पुढे ओढला, पट्टी तिरपी धरली आणि कोपऱ्यातल्या तीनचार पिना जोर लावून घासल्या. काळ्या दगडावर केसासारखी पिवळी रेघ उठली. चुडामणने त्यावर तेजाबाचा थेंब टाकला. रेघ राहिली.

"सोनं आहे," तो म्हणाला, "पण नावाला."

मला बरं वाटलं. फसलो नाही याचं बरं वाटलं. घासलेल्या पिना पांढुरक्या पडल्या होत्या, त्या मी शर्टाला पुसल्या आणि पट्टी उखर्डूला दिली. चुडामणकडे गेलो होतो हे सांगितलं नाही. सांगण्यासारखं काही वाटलं नाही.

पट्टी बसली, किल्ली सरकवली, मशीन साडेचारशेवर चाललं. उखर्डूने ते दोन दिवस सलग तपासलं, एक चूक नाही. मग फेब्रुवारीपासून तो कौशीवर बसला. धंद्याची कामं दिवसा, आणि दुपारचे दोन तास तिचे. भेगा ठिपक्या-ठिपक्याने बुजवायचा. डाव्या गालाची भेग पंधरा दिवस चालली. ब्रशने आम्ही चेहरा बनवत होतो, इथे तो फक्त भेग काढायचा, चेहऱ्याला हात लावायचा नाही. मार्चअखेर मी एकदा मागून बघितलं. पोरीच्या कपाळावर गोंदण होतं, ते मला आजवर कधी दिसलं नव्हतं. खालचा ओठ जरा दुमडलेला, रडायच्या बेतात असावा तसा. मी म्हणालो, "उखर्डू, ही तुझ्यासारखी दिसते." तो म्हणाला, "दिसते." मला भरून आलं होतं, तेव्हा येत असे.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, तो पहूरला गेला. आमच्या खानदेशात आखाजी म्हणजे लेकींचा सण. सासरच्या पोरी माहेरी येतात, झोके बांधतात, गौराई बसवतात आणि मग वाजतगाजत नदीत शिरवतात, म्हणजे विसर्जन करतात.  उखर्डू परत आल्यावर चहा झाला आणि त्याने सांगितलं. गावातल्या पोरी गौराई घेऊन वाघूर नदीवर निघाल्या, त्यांच्यामागे अक्काही गेली आणि कौशीचा तो फोटो तिने डोहात सोडला.

"का पण?" मी विचारलं.

"मीच सांगितलं होतं तिला, माय, कौशी आता मशीनमध्ये आली, तोंडावरच्या सगळ्या भेगा गेल्या. ती म्हणाली, मंग फुटकं रूप घरात कायले ठेवा?"

तिचंही बरोबरच होतं. भंगलेली मूर्ती घरात कोण ठेवतं? आपणही नदीतच सोडतो. मी उखर्डूला म्हणालो, दुसरीकडे एक प्रत करून ठेव. तो म्हणाला, फ्लॉपीत मावत नाही, सीडी लिहिणारं यंत्र मुंबईला, पुढच्या महिन्यात लोटनबरोबर डिस्क पाठवू. मी फोटोवाला. कॅमेरा खुंटीला. पडद्याचा एक फोटो काढून ठेवायला मला एक मिनिट लागलं असतं. मला सुचलं नाही, त्यालाही नाही. काम महिन्याभरात संपणार होतं आणि आम्हाला घाई होती ती अक्काच्या डोळ्यांची.

मे महिना आला. पारा पंचेचाळीसच्या वर. पळवलेलं मशीन तापतं, म्हणून मी कूलर उचलून त्याच्या शेजारी ठेवला. वाळ्याच्या ताट्यांतून ओलसर गार वारा दिवसभर मशीनवर. मला वाटायचं, किती काळजी घेतो आपण.

उखर्डूची एक सवय होती. दर शनिवारी संध्याकाळी निघताना तो डिस्कची आवराआवर लावून जायचा. त्यात मशीन डिस्कवरचा सगळा माल तुकड्यातुकड्याने उचलतं आणि पुन्हा नीट रचून ठेवतं, म्हणजे शोधायला वेळ लागत नाही. उचललेला प्रत्येक तुकडा मेमरीच्या पट्टीतून जातो. त्या शनिवारीही त्याने लावली.

सोमवारी फाइल उघडली. कपाळ आलं, गोंदण आलं, डोळे आले. नाकाच्या वरच्या हाडापर्यंत चित्र आलं आणि खाली करडे पट्टे, आडवे, कागदाच्या टोकापर्यंत. त्याने मूळ स्कॅन उघडला. तो उघडलाच नाही. गिऱ्हाइकांचे फोटो उघडले, निम्मे गेले होते. मशीन बंद पडलं नव्हतं. ते रात्रभर चुकत राहिलं होतं आणि चुकलेलं नीट रचून ठेवत होतं.

उखर्डूने मशीनची पेटी उघडली, पट्टी काढली, भिंग लावलं. बराच वेळ बघितलं. मग भिंग माझ्या हातात दिलं. कोपऱ्यातल्या पिना कूलरच्या ओलीने काळ्याहिरव्या पडल्या होत्या, मी घासलेल्या तेवढ्याच. बाकी सगळ्या पिवळ्याधमक.

"भाऊ, एक रात्र ही तुमच्याकडे होती."

"हो," मी म्हणालो. "चुडामणच्या दगडावर घासून पाहिली मी."

त्याने पट्टी परत घेतली. "सोनं होतं का?"

"होतं."

"बरं," तो म्हणाला. मग पेन्सिलीच्या खोडरबराने त्याने त्या पिना हळूहळू साफ केल्या, पट्टी बसवली, मशीन सुरू केलं. नीट चाललं. शिव्या दिल्या असत्या तर मी ऐकून घेतल्या असत्या. मीच दिल्या असत्या त्याच्या जागी, आईबहिणीवरून. तो गिऱ्हाइकाचं काम घेऊन बसला आणि मी काउंटरवर जाऊन पावतीपुस्तक उगाच उघडून ठेवलं.

आठ दिवस त्याने खालचा चेहरा हाताने काढायचा प्रयत्न केला. तीन महिने रोज बघितलेला ओठ. काढायचा आणि पुसायचा. शेवटी म्हणाला, "बाहुली होतेय भाऊ." मी म्हणालो, नुसते डोळे कापून मोठे कर. तो म्हणाला, अर्धा चेहरा भिंतीवर कोण लावतं? त्याने पट्टे पुसले आणि नाकापासून खाली सगळं करडं धुकट करत नेलं, कुठे तुटलं ते कळू नये असं. चार कागद जोडून छापलं. काच-फ्रेम मी केली, सागवानी.

जूनच्या पहिल्या रविवारी आम्ही दोघं पहूरला गेलो. भर दुपार होती. अक्काला दारात उजेडात बसवलं आणि उखर्डूने फ्रेम तिच्यासमोर धरली. अक्काने तोंड काचेच्या अगदी जवळ नेलं आणि मान हळूहळू फिरवत शोधायला लागली, बारीक भोकातून घरात डोकवावं तशी. गोंदण सापडलं. मग डोळे सापडले. ती थांबली.

"हीच हाये माह्यी," ती म्हणाली. "हीच. असंच पाहे."

तिच्या तोंडावरचा आनंद मला बघवेना. मी चपला बघत राहिलो. मग ती मान खाली खाली न्यायला लागली. काचेवरून इकडून तिकडे. परत वर, डोळ्यांपाशी, परत खाली. पदराने काच पुसली. स्वतःचे डोळे पुसले. पुन्हा खाली.

"उखर्डू," ती म्हणाली, "खालचं मले दिसत नही रे. तोंड दिसत नही तिचं. डोये गेले माह्ये."

मी उखर्डूकडे बघितलं. फ्रेम धरलेले त्याचे हात जरासुद्धा हलले नाहीत.

"हो माय," तो म्हणाला.

बाहेर आल्यावर मी त्याचा दंड धरला. म्हणालो, सांग तिला, मी सांगतो, माझी चूक आहे. तो म्हणाला, "काय सांगणार? तिच्या हाताने तिने वाघूरमध्ये काय सोडलं, ते? डोळे गेले म्हणून ती रडेल आणि थांबेल. दुसरं कळलं तर थांबणार नाही." मी त्याचा दंड सोडला. 

त्या दिवसापासून अक्काने थेंब घालायचं सोडलं. उखर्डू रोजच्या एसटीने पहूरहून ये-जा करायला लागला, सकाळी-संध्याकाळी बाटली घेऊन समोर बसायचा. ती डोळे घट्ट मिटून घ्यायची. म्हणायची, गेलेल्या डोळ्यांत कायले औषध वाया घालवतो? नजर उरली होती. डॉक्टर म्हणाले होते, थेंब घातले तर दोन वर्षं तरी टिकेल. संक्रांतीपर्यंत तिला दारातला उजेडही कळेनासा झाला.

उखर्डू अजून माझ्याकडेच आहे. मशीन पुन्हा तीनशेवर आणलंय, पट्टी तीच आहे. गिऱ्हाइकाचा फोटो स्कॅन झाला की तो उठून मूळ फोटो स्वतः त्याच्या हातात देतो आणि सांगतो, फुटका असला तरी घरी ठेवा. माझ्याशी बोलतो, कामाचं सगळं बोलतो. चहाही माझ्याच हातचा पितो.

मध्ये एकदा पहूरला गेलो होतो. अक्का ओट्यावर होती, आवाजावरून तिने मला ओळखलं. शेजारची कोणी नवी सून आली होती, तिला ती घरात भिंतीपाशी घेऊन गेली आणि लेक दाखवू लागली. हात काचेवरून वरून खाली येत होता. हे गोंदण, हे डोये. नाकाच्या हाडापाशी बोट बरोबर थांबलं, जिथे चित्र संपतं तिथेच.

"इथपर्यंत मले दिसलं बाई," ती म्हणाली. "याच्या खालचं आता तू सांग मले, कशी दिसते?"

ती सून गोंधळून माझ्याकडे बघायला लागली.

"छान दिसते," मी म्हणालो. "खालचा ओठ जरा दुमडलेला आहे."